सोळाची गाडी

थोरलीच्या प्रयोगशाळेत मोडलेल्या वस्तू येत. दात उडालेली गिअरची चाकं, मधोमध तुटलेले दांडे, तडा गेलेले बोल्ट. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा तेलकट कागदात गुंडाळलेल्या. त्यांचा तुकडा कापायचा, घासून आरशासारखा करायचा, आम्लाचा हात फिरवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं की तुटायला सुरुवात कुठून झाली. या कामात तिचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. त्यामुळे धाकटीला गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा कोणती ते कोण ठरवणार, हा प्रश्न घरात कुणी काढलाही नाही.

धाकटी गाडी हौसेने घेत नव्हती. नवऱ्याचं घर सोडून ती थोरलीकडे आली तेव्हा ‘थोडे दिवस’ असं दोघीही म्हणाल्या होत्या, आणि त्या थोड्या दिवसांत दोन उन्हाळे निघून गेले होते. ती झोपायची ती मागची खोली मुळात सामानाची. इस्त्रीचं टेबल, जादा गाद्या आणि थोरलीच्या नवऱ्याची व्यायामाची सायकल. तो रोज सकाळी दारावर टकटक करायचा, ‘सॉरी हं’ म्हणत आत यायचा आणि सायकल मारत बसायचा. धाकटी उशी काखेत मारून स्वयंपाकघरात जायची. तो भला माणूस होता, म्हणूनच त्याला काही बोलता येत नसे.

मग डोंगरावरच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्टची जागा निघाली. पक्षाघात झालेली, खुब्याचं हाड मोडलेली माणसं तिकडे वस्त्यावस्त्यांवर विखुरलेली होती. त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा उभं करायचं. धाकटीची मुलाखत झाली, निवडही झाली. राहायला इस्पितळाच्या आवारात दोन खोल्या. अट एकच होती: गाडी स्वतःची हवी, चढ आणि खडबडीत रस्ता झेपेल अशी, आणि एक तारखेला गाडीसकट हजर व्हायचं.

“दोन खोल्या, ताई,” धाकटी म्हणाली. “एकीत मी झोपणार आणि दुसरीत नुसतीच चक्कर मारणार.”

डोंगरासाठी छोटी एसयूव्ही, हे उघड होतं. ऐपतीत बसायची म्हणजे वापरलेली, हेही उघड होतं. धाकटीचा डावा गुडघा जुना दुखरा, क्लच दाबून दाबून सुजायचा; म्हणजे गाडी ऑटोमॅटिकच हवी. “जगाचे गुडघे नीट करते, स्वतःच्या गुडघ्यापुढे माझं काही चालत नाही,” असं ती पेशंटनाही सांगायची. या तिन्ही चाळण्यांतून त्या गावात गाडीचं एकच मॉडेल खाली पडत होतं. तिचं नाव ठरवायला थोरलीची गरज नव्हती. गरज होती ती साल ठरवायला.

आणि तिथे थोरली रमली. बरीच वर्षं तिला घरातलं कुणी असं काही विचारलं नव्हतं.

“लोक विचारतात कुठली गाडी घेऊ,” ती जेवताना सांगायची. “तो प्रश्नच अर्धा आहे. एकाच नावाची गाडी एका सालात सोनं असते आणि दुसऱ्या सालात डोकेदुखी. नवीन मॉडेल निघालं की पहिली दोन-तीन वर्षं कंपनी शिकत असते, आणि शिकते ती गिऱ्हाइकांच्या खर्चाने.”

“मग सगळ्यात नवी घ्यावी ना,” थोरलीचा नवरा म्हणाला. “तिच्या तक्रारीच नसतात.”

“तक्रारी नसतात कारण तिला बिघडायला अजून वेळच मिळालेला नाही. सगळ्या गाड्या एका वयाच्या असताना कशा वागल्या, ते बघायचं.”

“माणसांचंही असंच बघावं,” धाकटी म्हणाली, आणि हसणारी ती एकटीच होती.

थोरलीने गाडीमालकांच्या तक्रारी वाचल्या, मेकॅनिकांना फोन केले, स्वतःच्या प्रयोगशाळेत आलेले आतल्या चकत्या गंजलेले दोन गिअरबॉक्स पुन्हा आठवून पाहिले. निष्कर्ष स्वच्छ होता. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जात होती. तेरा ते पंधरा सालच्या गाड्यांत ती नळी आतल्या आत कुजायची. रेडिएटरचं पाणी तेलात मिसळायचं, तेल गुलाबी दुधासारखं व्हायचं, आणि गाडी चढावर दोन गचके देऊन थांबायची ती कायमची. आधी आवाज नाही, दिवा नाही, काही नाही. सोळा साली कंपनीने रेडिएटरच बदलला. नळ्यांची तोंडं बाजूची काढून खालच्या अंगाला नेली. त्यानंतर हा आजार गेला.

“सोळाची,” तिने धाकटीला सांगितलं. “त्याच्या अलीकडची कुणी फुकट दिली तरी नको. तू एकटी असणार त्या रस्त्याला.”

नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, दादांचा, जुन्या गाड्यांचा धंदा होता. गावाबाहेरच्या हमरस्त्याला पत्र्याची मोठी शेड, पुढे धुऊनपुसून ओळीत लावलेल्या गाड्या, टायरांना काळं पॉलिश. एका कोपऱ्यात गाड्या दुरुस्त करायची जागा होती आणि तिथे एक टकलू मेकॅनिक सदा कुठल्यातरी गाडीखाली असे. त्याला सगळे ‘पाना’ म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी दादांनाही आठवावं लागे.

“आहे ना, सोळाची आहे,” दादा फोनवर म्हणाले. “घरचंच गिऱ्हाईक, वर नफा घेणार नाही. येऊन बघा. तुमच्या सायंटिस्टबाईंनाही आणा, नाहीतर नंतर माझी परीक्षा घेतील.”

गाडी राखाडी होती. धाकटी तिच्याभोवती एक फेरी मारून सरळ आत जाऊन बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, आणि हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर काहीही नव्हतं. दादांनी तिला एक चक्कर मारू दिली. पुलाच्या चढावरून जाऊन ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते थोरलीने दोन उन्हाळ्यांत पाहिलं नव्हतं.

“काही आवाज नाही, ताई. लोण्यासारखी चालते.”

“कागद बघा,” दादा म्हणाले. “सोळा सालचा दुसरा महिना. एकाच माणसाने वापरलेली. शाळामास्तर होता, गाडी चालवायचा कमी आणि पुसायचा जास्त.”

थोरलीने कागद पाहिले. सोळा सालचा दुसरा महिना, बरोबर. मग तिने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, खाली वाकली आणि दाराच्या खांबावर चिकटवलेली लहानशी चंदेरी पट्टी रुमालाने पुसून वाचली. ती पट्टी कारखान्यातच लागते. तिच्यावर गाडी कधी तयार झाली ते असतं.

“दादा, ही पंधराची आहे,” ती म्हणाली.

“सोळाची.”

“सोळाला रस्त्यावर आली. तयार झाली पंधराच्या अकराव्या महिन्यात. शोरूममध्ये उभी होती.”

“आमच्या धंद्यात गाडी रस्त्यावर आली ते तिचं साल,” दादा म्हणाले. “पोरगं जन्मलं तेव्हापासून वय मोजतात. पोटात होतं तेव्हापासून नाही.”

शेडमध्ये उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. दादांनाही जरा मजा आली.

“रेडिएटर पोटात असतानाच बसवतात ना,” थोरली म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता. प्रयोगशाळेत बोलायची तसाच होता. “ही जुन्या रेडिएटरची गाडी आहे. तुम्हाला हे माहीत आहे. माहीत असूनही तुम्ही सोळाची सांगितलीत.”

आता कुणी हसलं नाही. दोन गिऱ्हाइकांपैकी एकजण ज्या गाडीपाशी उभा होता तिचं दार हळूच उघडून खांबाकडे बघू लागला. दादांनी ते पाहिलं.

“मॅडम, गाडी घ्यायचीय की तिचं पोस्टमॉर्टेम करायचंय?” ते म्हणाले. “तुमच्याकडे येतं ते सगळं मोडलेलंच. धडधाकट काही बघितलंयत का कधी?”

“अगं, दादा कशाला फसवेल आपल्याला,” नवरा मधे पडला. “घरातलाच माणूस ना तो.”

“घरातल्याच माणसाने आधी सांगायला हवं होतं.”

“बास,” दादा म्हणाले. “मी काय विकतो ते मला माहीत आहे. पटत असेल तर घ्या, नाहीतर गिऱ्हाइकांची लाइन आहे.” आणि ते आतल्या केबिनमध्ये गेले. दार त्यांनी आपटलं नाही. फक्त पुन्हा बाहेर आले नाहीत.

धाकटी अजून गाडीपाशीच होती. तिचा एक हात टपावर होता. तिने बहिणीकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, “घेऊ की नको? तू सांग.”

तिच्या चेहऱ्यावरून थोरलीला कळत होतं की तिला कोणतं उत्तर हवंय. पण गचके देऊन थांबलेली गाडी, चढाचा रस्ता आणि आत एकटी धाकटी, हे चित्रही तिला दिसत होतं, आणि त्याची शक्यता तिने स्वतः काढलेली होती.

“नको,” ती म्हणाली.

धाकटीने टपावरचा हात काढला.

त्यानंतर त्या दोघी रोज गाड्या बघत फिरल्या. एक खरोखर सोळाची मिळाली, पण तिच्या गालिच्याखाली बोट घातलं तर गाळ निघाला. कधीतरी पुरात बुडालेली. एक चांगली होती, ती त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने घेतली. एका मालकाने सोळाच्या गाडीला सतराच्या गाडीची किंमत सांगितली. थोरली प्रत्येक दाराशी वाकायची, पट्टी वाचायची आणि मान हलवायची. धाकटीने तिच्याबरोबर वाकणं हळूहळू सोडून दिलं. ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची.

एक तारीख आली. इस्पितळाने आठवडाभर थांबायचं कबूल केलं आणि आठवडाभर थांबलंही. मग तिथल्या कारकून बाईंचा फोन आला. त्या फार चांगलं बोलल्या. पेशंट ताटकळलेत, म्हणाल्या, दुसऱ्या एकीला बोलावलंय, तुमचं नाव आम्ही लक्षात ठेवू.

“थँक यू,” धाकटी म्हणाली. फोन ठेवून तिने इस्त्रीचं टेबल उघडलं आणि घरभराचे कपडे इस्त्री केले. भावोजींचे रुमालसुद्धा.

ती दुसरी बाईही वापरलेलीच गाडी शोधत होती. अट तीच, गावही तेच. दादांनी तिला ती राखाडी गाडी विकली. ही बातमी नवऱ्याने जेवताना सांगितली, आणि सांगून झाल्यावर त्याला कळलं की सांगायला नको होती.

“बघू किती दिवस चालते,” थोरली म्हणाली.

हे वाक्य वाईट होतं. बोलल्याबरोबर तिलाही ते ऐकू आलं. पण खरी गोष्ट अशी, की त्यानंतर ती त्या गाडीची वाट पाहत होती. डोंगराच्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीची गोष्ट कुणीतरी आणेल. चकत्या गंजलेला गिअरबॉक्स पिशवीतून तिच्याच टेबलावर येईल. त्या परक्या बाईला काही व्हावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. फक्त गाडी बंद पडावी, इस्पितळाच्या दारात, उजेडात, आजूबाजूला माणसं असताना. म्हणजे धाकटी तिच्याशी पूर्वीसारखं बोलेल.

धाकटी बोलत नव्हती असं नाही. पाणी आलं का, किल्ली कुठेय, भाजीला काय आणू, सगळं बोलायची. गावातल्या एका दवाखान्यात तिला अर्ध्या वेळेचं काम मिळालं होतं. पायी जाण्याइतकं जवळ.

गाडी चालत होती. कधीमधी बाजाराच्या दिवशी ती खाली यायची, चिखलाने माखलेली, मागच्या सीटवर काठ्या आणि चाकाच्या खुर्च्या भरलेली. पावसाळा त्या गाडीने वर काढला, थंडीही काढली. औषधांच्या दुकानासमोर ती उभी दिसली की धाकटी रस्ता बदलायची नाही. शेजारून चालत जायची, इतरांसारखी.

थंडी सरत असताना थोरलीचा नवरा तापाने पडला आणि स्वतःच्या गाडीचे ब्रेक बघून घ्यायचं काम तिच्यावर आलं. त्या दिवसापासून ती दादांच्या शेडमध्ये गेली नव्हती. दादा कुठेतरी बाहेर गेले होते. पाना एका गाडीच्या उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता, आणि ती गाडी राखाडी होती.

“काय झालं हिला?” थोरलीने विचारलं. आवाजात जी घाई होती, ती तिने लपवली नाही.

“काही नाही. तेल बदलायला आलीय. फिरते हो पोरगी, मरणाची फिरते.”

थोरली पुढे झाली आणि वाकून आत पाहिलं. दाराची पट्टी वाचण्यापलीकडे त्या दिवशी ती गेलीच नव्हती. पट्टीवर सगळं लिहिलेलंच होतं. आता रेडिएटर समोर होता. नळ्यांची तोंडं बाजूला नव्हती. खालच्या अंगाला होती.

ती बराच वेळ सरळ झाली नाही.

“हा नवा आहे,” ती म्हणाली. “कधी बदलला?”

“हा? विकायच्या आधीच. गाडी आली त्याच आठवड्यात. तेरा-चौदा-पंधराची कुठली आली की दादा आधी हेच करायला लावतात. ही तर तुमच्याकरता म्हणून तेलसुद्धा दोनदा काढून बघितलं होतं.” पान्याने हात पुसले. “का हो? काही गळतंय का?”

“नाही,” थोरली म्हणाली. “काही गळत नाहीये.”

दादा आले तेव्हा ती केबिनमधल्या बाकावर बसून होती. ब्रेकचं ती विसरून गेली होती.

“तुम्ही रेडिएटर बदलला होता,” ती म्हणाली.

दादांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी किल्ल्या टेबलावर टाकल्या. “बदलणारच. डोंगरात जाणार होती पोर. मला काय कळत नाही?”

“मग सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू? रेडिएटर बदललाय म्हटलं की पुढचा प्रश्न, का बदलला. मग पंधराची म्हणायला हवं. दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती.” ते थांबले. “आणि तोवर तुम्ही मला खोटारडा करून मोकळ्या झाला होतात. माझ्याच शेडमध्ये, धाकट्या भावासमोर.”

“तुम्ही खोटं बोललाच होतात.”

“बोललो होतो. साल खोटं सांगितलं, गाडी खरी दिली होती. तुम्ही बॉनेट उघडलं असतंत तर दिसलं असतं. मला वाटलं, एवढं शिकलेलं माणूस, उघडेल. तुम्ही लेबल वाचून निघालात.”

“नंतर फोन करता आला असता. घरी, एकांतात.”

दादा खिडकीतून बाहेर, ओळीत लावलेल्या गाड्यांकडे बघत राहिले. “करणार होतो,” शेवटी ते म्हणाले. “मग म्हटलं, येतील झक मारत. आणि तेवढ्यात ती दुसरी आली.”

एवढंच होतं ते. दादा हटून बसले, ती पट्टी वाचून निघाली. यात कुणाची नळी कुजलेली नव्हती.

घरी जाताना थोरलीने न सांगण्याचा विचार केला. तो विचार तिला जमण्यासारखा नव्हता. निष्कर्ष चुकला तर सुधारून कळवायचा, हे तिने आयुष्यभर केलं होतं, आणि न कळवणाऱ्यांची तिला किळस होती.

धाकटी मागच्या खोलीत दवाखान्यातले क्रेप बँडेजचे पट्टे गुंडाळत बसली होती. थोरली दारातच उभी राहिली.

“त्या गाडीचा रेडिएटर बदललेला होता. आपण बघितली तेव्हाच. मी आज पाहिलं.”

कोणत्या गाडीचा, हे धाकटीने विचारलं नाही. पट्टा गुंडाळून पूर्ण केला आणि बाजूला ठेवला.

“म्हणजे गाडी चांगली होती.”

“तेव्हा आपल्याकडे जी माहिती होती, त्यावरून—”

“ताई, मी ते नाही विचारलं.”

“हो,” थोरली म्हणाली. “चांगली होती.”

धाकटीने मान हलवली. सावकाश, पेशंटचं ऐकताना हलवायची तशी. “आणि दादांना माहीत होतं.”

“हो. ते सांगायला—”

“आणि तू बघितलं नाहीस.”

“नाही.”

“मला हे आज कशाला सांगितलंस?”

“तुला खरं कळायला हवं म्हणून.”

“मी काय करू कळून?” धाकटीचा आवाज अजून शांतच होता. “इतके महिने मी स्वतःला सांगत होते की वाचले. नोकरी गेली, घर गेलं, पण कुठेतरी डोंगरात एकटी अडकून पडले नाही. ताईने वाचवलं. ती गाडी बाजारात दिसायची तेव्हाही सांगायचे, आज चाललीय, उद्या बंद पडेल. तेवढं एकच होतं माझ्याकडे. तेही घेतलंस.”

थोरलीला काहीतरी म्हणायचं होतं. शंभर गाड्यांबद्दलचं म्हणणं आणि एका गाडीबद्दलचं म्हणणं यातला फरक तिला नीट मांडता आला असता. तिचा आकडा तेव्हाही बरोबर होता आणि आताही बरोबर होता.

“इस्पितळात अजून एक जागा निघतेय,” धाकटी म्हणाली. “पलीकडच्या खोऱ्यासाठी. कारकून बाईंचा फोन आला होता. मी उद्या गाडी बघायला चाललेय. एकटी.”

“कुठली गाडी?”

“त्याच मॉडेलची. हिरवी आहे. पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंची.”

“कुठल्या सालची?” थोरलीने विचारलं. विचारायला नको होतं, हे तोंडातून शब्द गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

धाकटीने दुसरा पट्टा उचलला, त्याचं टोक शोधलं आणि गुंडाळायला लागली.